सोमवारची गोळी

आमच्या नर्सिंग कॉलेजात पेशंट होण्याचं काम माझ्याकडे आहे. कुणी नेमून दिलेलं नाही, आपसूक आलं. प्राचार्य बेंगळूरहून कसलंसं प्रशिक्षण घेऊन आले आणि आल्या दिवशीच त्यांनी वर्गातले बाक भिंतीला लावून खुर्च्या गोल मांडायला लावल्या. आता नुसतं शिकवायचं नाही, मुलींकडून करवून घ्यायचं, असं फर्मान निघालं. एकीनं नर्स व्हायचं, एकीनं पेशंट, बाकीच्यांनी बघून चुका काढायच्या. याला ॲक्टिव्ह लर्निंग म्हणतात. पण मुली पेशंट झाल्या की हसत सुटायच्या. एक तर बाळंतपणाच्या कळा देता देता हसून खुर्चीवरून खाली आली. मी तापट बाई. म्हटलं, ऊठ तिथून, मीच होते पेशंट. तेव्हापासून मीच.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला हे थेर वाटत होते. वीस-बावीस वर्षं मी बिदरमध्ये खडू झिजवला. फळ्यावर लिहायचं, मुलींनी उतरवून घ्यायचं, परीक्षेत ओकायचं. पालथ्या घड्यावर पाणी हे मलाही कळत होतं, पण घडा पालथा असल्याचा दोष निदान घड्याकडे जायचा. नव्या पद्धतीत मुलगी पेशंटसमोर बसून गप्प झाली की आपण काय शिकवलं ते वर्गभर दिसतं. ते मला सोसेना. मग मी जिद्दीला पेटले. भांडखोर म्हातारी झाले, बहिरी झाले, अर्धी कन्नड अर्धी मराठी बोलणारी झाले, "मेरेकू क्या समझता माँ" म्हणत डोळे पुसणारी झाले. मुली म्हणायच्या, मॅडम नाटकात जायला पाहिजे होत्या. मला ते आवडायचं, हेही कबूल करते.

या सगळ्यात एका गोष्टीवर मी फार जोर द्यायचे. औषध समजावून झालं की "समजलं का?" असं विचारायचं नाही. हे प्राचार्यांनी आणलेल्या पुस्तकात होतं, पण त्याचं कारण पुस्तकापेक्षा मला जास्त ठाऊक होतं. आमच्या भागात पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला कुणी न्हाई म्हणत नाही. भीतीनं नव्हे, रीत म्हणून. समोरची पोर घसा कोरडा करून सांगायलीय, तिला "मला काय कळलं न्हाई" असं तोंडावर कसं म्हणायचं? तिचा अपमान होईल. म्हणून कमलनगरचा माणूस असो की हुलसूरचा, शेतकरी असो की दुकानदार, मान हलवतो, "व्हय" म्हणतो, आणि घरी जाऊन त्याच्या बुद्धीला पटेल तसं करतो. तेव्हा विचारायचं ते असं: "घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार, मला सांगा बघू." पेशंटकडून उलट सांगून घ्यायचं. चुकलं तर, चूक माझी आहे, मीच नीट सांगितलं नाही, असं म्हणायचं आणि परत सांगायचं.

दहा गुणांच्या यादीत या उलट सांगून घेण्याला मी चार गुण ठेवले होते. जी मुलगी "समजलं का" विचारेल तिला तिथल्या तिथं थांबवायची, सगळ्यांसमोर. वर्गाच्या दारावर मी तीन भाषांत पाटी लावली होती, समजलं का असं विचारू नका. पाटी अजून आहे. अक्षर माझंच आहे.

माझी अक्का माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाचवीत होते. अक्का लग्न होऊन राजेश्वरला नांदत होती, तिनं मला उचलून तिकडे नेलं. भावजींचं किराणा-भुसाराचं दुकान आणि थोडी शेती. सासरच्या माणसांशी भांडून तिनं मला शाळेत घातलं, मग बिदरला नर्सिंगला. स्वतः सहीपुरती शिकलेली. मी पहिल्यांदा पांढरा कोट घेऊन राजेश्वरला गेले तेव्हा तिनं तो अंगणातल्या तारेवर वाळत घातला. धुतलेला नव्हता. गल्लीनं बघावा म्हणून घातला. मी लाजून काढायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, संध्याकाळपातर ऱ्हाऊ दे."

गेल्या वर्षी तिची बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ वळेना. भाकरी थापायचं काम सुनेकडे गेलं, आणि भाकरी दुसऱ्याच्या हातात गेली की अक्काला घर आपलं वाटेनासं व्हायचं. मी म्हटलं, कलबुर्गीला सांध्यांचे डॉक्टर आहेत, दाखवू. निघताना तिनं विचारलं होतं, "सुनंला घिऊन चलू का? औषिधपाणी तीच बघती." सून हुलसूरची, दहावी शिकलेली, धांदरट नाही, उलटून बोलणारी नाही. मी म्हटलं, "तिला कशाला? मी हाय की."

डॉक्टरांनी संधिवात आहे म्हणून सांगितलं आणि दोन गोळ्या लिहून दिल्या. त्यातली एक आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर ते विषच. दुसरी साधी, जीवनसत्त्वाची, पहिलीचा त्रास कमी करणारी. ती बाकीचे सहा दिवस. दोन्ही पिवळ्या, दोन्ही मसुराएवढ्या. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही नर्सिंगच्या मॅडम, तुम्हाला काय सांगायचं. त्यांना समजावून द्या." मी मान हलवली.

परत येताना हुमनाबादला आमच्या वाटा फुटतात. तिला राजेश्वरची गाडी, मला बिदरची. स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर बसून मी औषधांची पिशवी उघडली. बिदरची गाडी लागलेली होती, कंडक्टर बिदर बिदर म्हणून ओरडत होता, आणि मला दुपारच्या तासाला पोचायचं होतं. त्या तासाला विषय काय होता ते आता आठवत नाही.

आठवड्याचा दिवस कुठला धरावा? मी सोमवार धरला. आमच्या लिंगायत घरात सोमवार कुणी विसरत नाही, आणि अक्का तर नाहीच. औषध पेशंटच्या जगण्याला जोडून द्या, असं मी वर्गात सांगते, तसं जोडून दिलं. मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटली असेल.

"हे बघ अक्का," मी म्हटलं, "ही जड गोळी. आठवड्यातनं एकदाच, सोमवारी. पोटभर जेवून घ्यायची, उपाशीपोटी न्हाई. आन् ही हलकी. ही बाकीच्या दिवशी रोज एक. समजलं का?"

"व्हय," अक्का म्हणाली. "तू जा. तुजी गाडी जाईल."

मी पळत जाऊन खिडकीची जागा धरली. गाडी लगेच सुटली नाही, ड्रायव्हर चहाला गेला होता. पाव तास तरी गेला असेल. मी मोबाइल बघत बसले. समोरच्या बाकावर अक्का बसलेली दिसत होती, औषधांची पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून.

बारा-तेरा दिवसांनी तिचा फोन आला. "तोंड आलंय बघ. पाणी बी गिळंना."

"गोळ्या सांगितल्यावाणी घ्यायलीस न्हवं?"

"व्हय की. तू सांगितल्यावाणीच."

मी म्हटलं, उष्णता झाली असेल, ताक पी, तोंडाला तूप लाव. पहिल्या वर्षाच्या मुलीनं असं उत्तर दिलं असतं तर मी तिला वर्गाबाहेर काढली असती. ही गोळी चालू असताना तोंड आलं की ती अंगात जास्त झाली असं समजायचं, हे माझ्याच टिपणांत आहे, खाली रेघ मारलेलं.

चार दिवसांनी ताप चढला, तेव्हा तिला बिदरला आणून दवाखान्यात भरती केलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ उरल्या नव्हत्या. तरुण डॉक्टरनं गोळ्या बघायला मागितल्या. सुनेनं पिशवीतून पाकिटं काढली. जड गोळीच्या पाकिटातल्या दहाच्या दहा गेलेल्या. हलकीच्या पाकिटातल्या दोन गेलेल्या. अक्कानं आठवड्यातले सहा दिवस जड घेतली होती आणि सोमवारी हलकी.

"रोज देत होतात ही?" डॉक्टर सुनेवर खेकसला. "कागदावर लिहिलेलं वाचता येत नाही?" कागद इंग्रजीत होता.

"आत्याबाई आपल्या हातानं घ्यायच्या," ती म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "मावशीनं सांगितलंय म्हणायच्या. मी निस्तं पाणी द्यायची."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी सलाइनकडे बघत होते. डॉक्टरच्या पाठीमागे अक्काचा मुलगा उभा होता, त्यानं सगळं ऐकलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडून दोन वाक्यं म्हणायची होती. मी सलाइनची गती नीट केली, जी आधीच नीट होती.

आठव्या दिवशी अक्का गेली. राजेश्वरला मातीला गेलो. आमच्या रीतीनं खड्ड्यात तिला बसवली, विभूती लावली, बेलाची पानं टाकली. मी सगळं बघितलं आणि मला काही वाटलं नाही. रडणाऱ्या बायका माझ्या गळ्यात पडायच्या तेव्हा मी त्यांची पाठ थोपटायचे. एकीनं म्हटलं, नर्सबाईचं काळीज घट्ट असतं. घट्ट नव्हतं, तिथं काही नव्हतंच. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर ओठ आपला नाही असं वाटतं, चहा सांडला तरी कळत नाही, तसं अंगभर झालं होतं.

घरात मात्र एक गोष्ट हळूहळू शिजत होती. सून दहावी शिकलेली, घरात हजर, तिच्या हातचं पाणी पिऊन म्हातारीनं रोज विष खाल्लं आणि तिला कळलं नाही? की कळलं होतं? हा दुसरा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारला नाही, पण विचारला नाही तो अशा पद्धतीनं की सगळ्यांना ऐकू यावा. नवरा तिच्याशी बोलेनासा झाला. अक्काच्या थोरल्या जावेनं तोडगा काढला, महिना झाला की पोरीला काही दिवस हुलसूरला माहेरी पाठवून द्या, चार वर्षांची नात इथंच राहील, शाळा बुडायला नको. "काही दिवस" म्हणजे किती, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मलाही विचारलं जायचं. "मावशी, तुमी तर ह्या लाइनीतल्या. तुमी नीट सांगितलंच असंल की."

"सांगितलं होतं," मी म्हणायचे.

शब्दाशब्दानं खरं होतं. एवढं खरं मी आयुष्यात क्वचितच बोलले असेन. बधिरपणा सोयीचा असतो, तेही खरं. दुखत नाही म्हणून हलायचं कारण नाही, आणि हललं नाही म्हणून दुखत नाही.

मी कामावर रुजू झाले. मस्टरवर सही करायचे, जेवायचे, झोप यायची. एक दिवस आमटीत दोनदा मीठ पडलं, ती तशीच खाल्ली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे दारावरची पाटी बघून रोज आठवायचं, आणि म्हण आठवते तशी आठवून जायची. टोचायची नाही.

महिना व्हायला दोन दिवस राहिले होते. शुक्रवारी रोल-प्लेचा तास होता, अंतर्गत परीक्षेच्या गुणांचा. चिठ्ठ्यांचा डबा मी पूर्वीच भरून ठेवला होता, प्रत्येक चिठ्ठीवर एक पेशंट. डब्यात काय आहे ते मला माहीत होतं. ती चिठ्ठी काढून टाकता आली असती. तेवढेही कष्ट घ्यावेसे वाटले नाहीत.

दोन मुलींना एकच चिठ्ठी मिळायची, म्हणजे दोघींची तुलना करता येते. ती निघाली. संधिवाताची बाई, शिक्षण नाही, एक गोळी आठवड्यातून एकदा सोमवारी जेवून, दुसरी बाकीचे दिवस. सोमवार मीच लिहिला होता, केव्हातरी, त्या चिठ्ठीवरही. माणूस एकदा हुशारी करतो आणि मग तीच वापरत राहतो.

पहिली मुलगी वर्गातली हुशार. समोर खुर्ची ओढून बसली आणि धडाधड बोलली, एक अक्षर चुकली नाही. शेवटी, घाईत असेल, तिच्या तोंडून निघून गेलं, "समजलं का?" सगळ्या मुलींनी माझ्याकडे बघितलं. आता मी उसळणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"व्हय," मी म्हणाले.

मुलगी वाट बघत थांबली. मग ओशाळून उठली. मी तिला गुण दिले नाहीत आणि कापलेही नाहीत, रकाना रिकामा ठेवला.

दुसरी कमलनगरची. घरी मराठी, कन्नड कच्चं, इंग्रजी त्याहून कच्चं. तोंडातून शब्द काढायला चिमटा लागायचा, आणि तो चिमटा मी दोनदा सगळ्यांसमोर लावला होता. मागच्या खेपेला ती नापास झाली होती. तिनं खुर्ची समोर ठेवली नाही, माझ्या शेजारी ओढली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी.

"अक्का, हात लई दुखायलेत का?"

"दुखायलेत," मी म्हटलं.

तिनं अडखळत सांगितलं. दोनदा जड आणि हलकीची अदलाबदल होता होता सावरली. पहिलीच्या पाचपट वेळ लागला. मागे कुणीतरी घड्याळ बघितलं. मग तिनं दोन्ही पाकिटं माझ्या हातात ठेवली. सरावासाठी ठेवलेली, मुदत संपलेली, पिवळी.

"आता मी काय सांगत न्हाई," ती म्हणाली. "तुमी मला दावा. उद्या सकाळी घरी कोनती घेणार?"

माझ्या हातानं जड गोळीचं पाकीट उचललं. मी ठरवलं नव्हतं. एरवी पेशंट होताना मी आधी ठरवते, कुठे चुकायचं, कशी अडवायची. त्या दिवशी काहीच ठरवलं नव्हतं. ती दचकली नाही.

"आन् परवा?"

तीच.

"आन् सोमवारी?"

मी हलकीचं पाकीट वर केलं.

"असं कामून ओ अक्का?"

आणि माझ्या तोंडून अक्का बोलली. मी नक्कल करत नव्हते. आवाज माझाच असेल, पण बोलणं तिचं होतं. "सोमवारी मला उपास असतो, माय. दिवसभर पाण्यावर. रातच्याला पूजा झाली की घासभर फळ. जड गोळी पोटभर जेवून घ्यायची म्हणलीस. मग ती उपाशीपोटी सोमवारी कशी घिऊ? सोमवारची हलकीच असणार. तू गडबडीत हिकडची तिकडं सांगितलीस, मी नीट करून घेतली."

दोन-चार मुली हसल्या, मॅडमचं नाटक रंगलं म्हणून. शरणांच्या, म्हणजे आमच्या लिंगायत संतांच्या, शिकवणीत उपास बसत नाही, असं म्हणून भावजी दर सोमवारी अक्काची चेष्टा करायचे आणि ती ऐकायची नाही, हे मी लहानपणापासून बघत आले होते. त्या घरात मी नऊ वर्षं सोमवारी रात्री तिच्याशिवाय जेवले आहे, तिच्या हातचं. सोमवार मी निवडला तो ती विसरणार नाही म्हणून, आणि त्या दिवशी ती जेवत नाही हे मीच विसरले. अक्काची चूक झालीच नव्हती. चूक माझी होती आणि तिनं ती दुरुस्त केली होती, मला न सांगता, माझा अपमान होऊ नये म्हणून.

कमलनगरची मुलगी हसली नव्हती. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. यादीत ते नव्हतं.

"न्हाई अक्का, तुमचं बरोबर हाय," ती म्हणाली. "चूक माजी हाय. तुमचा उपास मी इचारलाच न्हाई. थांबा, परत सांगते."

ते वाक्य मी स्वतः यादीत लिहिलं होतं, सहाव्या क्रमांकावर. कित्येक मुलींकडून घोकून घेतलं होतं. मी उठले. म्हटलं, तास संपला. संपायला वीस मिनिटं होती. रकान्यात तिच्यापुढे दहा लिहिले आणि स्टाफरूमला न जाता जिन्याखाली जाऊन उभी राहिले. मला राग आला होता. महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी आलं होतं आणि ते रडू नव्हतं, राग होता. हुमनाबादच्या त्या पाव तासावर, मोबाइलवर, माझ्या सुंदर अक्षरातल्या पाटीवर.

शनिवारी तास होते. रविवारी सकाळच्या गाडीनं मी राजेश्वरला गेले. ओसरीत सुनेची बॅग भरून ठेवलेली होती, तिचा भाऊ दुपारी न्यायला येणार होता. नात त्या बॅगेवर बसून बिस्किट खात होती. मी भावजींना, अक्काच्या मुलाला आणि थोरल्या जावेला बसायला सांगितलं. मला पाणी विचारलं, मी नको म्हटलं.

"गोळ्या चुकल्या त्या माझ्यामुळं," मी म्हटलं. वर्गात बोलते तशा आवाजात बोलले, दुसरा आवाज माझ्याकडे नव्हता. अक्का सोमवारी उपास करते हे मी विसरले. जेवून घ्यायची गोळी सोमवारी घे म्हटलं. समजलं का विचारलं, ती व्हय म्हणाली आणि मी गाडीत जाऊन बसले. फोनवर तोंड आलंय म्हणाली, तेव्हाही मी ताक पी म्हटलं. दवाखान्यात डॉक्टर हिच्यावर ओरडला तेव्हा मी शेजारी उभी होते.

अक्काचा मुलगा म्हणाला, "पण मावशी, तुमी सांगितलं तर व्हतं."

"सांगितलं. तिच्याकडनं परत ऐकून घेतलं न्हाई. माझ्या धंद्यात त्याला सांगणं म्हणत न्हाईत."

"जाऊ द्या आता," थोरली जाऊ म्हणाली. "तुमी कामून अंगावर घ्यायलाव? तिचं आयुष्य तेवढंच."

मी तिच्यावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, नात रडायला लागली एवढं आठवतं. मग भावजी मुलाला म्हणाले, "ती ब्याग आत ठिव." तो उठला नाही. त्यांनी परत तेच म्हटलं. तेव्हा त्यानं पोरीला कडेवर घेतलं आणि बॅग आत नेली. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही, आणि अजूनही तो माझ्याशी मोजकंच बोलतो. त्याचं बरोबर आहे.

सून इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे आली. मला वाटलं आता ही बोलेल, महिन्याभराचं सगळं बाहेर काढेल. मी तयार होते.

"मावशी," ती म्हणाली, "मला एक बारी सांगा. कसं घ्यायचं व्हतं?"

मी सांगितलं. जड गोळी, हलकी गोळी, जेवण. मी विचारलं काहीच नाही, तिनं आपणहून बोटांवर मोजत परत म्हणून दाखवलं.

"जड एकच, आठवड्याला. जेवून. हलकी बाकीचे सहा रोज." एक अक्षर चुकलं नाही. मग तिनं कपाळाला आठी घातली.

"पण मावशी, सोमवारी तर आत्याबाईचा उपास. मग रविवार धरा की. रविवारी त्या जेवतात."

जेवतात, असंच ती म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं.